तळघरातली मुलाखत

नुसतं बोलून प्रवचन संपवणारे पाळक मी पुष्कळ ऐकले. देव त्यांचं भलं करो. पण आमचे रेव्हरंड गेदर्स शेवटच्या दहा मिनिटांत बोलणं सोडून सुरात शिरतात, आणि मी ऑर्गनवर त्यांच्या मागोमाग धावतो, तेव्हा जन्माला आल्याचं सार्थक वाटतं. चाळीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे त्या बुधवारी जे घडलं त्यात थोडा दोष माझ्या बोटांचाही आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

रेनिटा बॉयकिन आमच्याच चर्चच्या मंडळीतली. अलाबामातल्या आमच्या या लहानशा जिल्ह्यात, विद्यापीठाच्या कृषी विस्तार कार्यालयात ती युवक आणि कुटुंब शिक्षिका आहे. सुरुवात झाली ती उन्हाळी शिबिरात पोरांना डुकराची पिल्लं वाढवायला शिकवण्यापासून. मग शाळाशाळांतून सकस न्याहारीचे धडे, मग पालकांचे वर्ग. अशी अकरा वर्षं झाली. आता तिला कुटुंब-अभ्यासात एम.एस. करायचं होतं, नोकरी सांभाळून. गेल्या वर्षी मुलाखत दिली आणि नकार आला.

"पाठ करून बोललात, असं काही लिहिलं नाही त्यांनी," ती मला म्हणाली होती, "पण म्हणायचं तेच होतं, क्लीव्हन काका."

नोकरी करणाऱ्यांसाठीची, घरी राहून शिकायची ती योजना यंदा बंद होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. ही हुकली तर शिकायला तीन तासांवरच्या शहरात जाऊन राहायचं, आणि घरी दोन लेकरं टाकून ती कुठली जातेय!

मुलाखत इंटरनेटवरून होती. तिच्या घरचं इंटरनेट वारा आला की जातं आणि कार्यालयाचं छप्पर उतरवलेलं. चर्चच्या तळघरात मात्र, महामारीत उपासना घरोघरी दाखवायला घेतलेली पक्की जोडणी आहे. अडचण एकच. बुधवारी तिथे म्हाताऱ्या मंडळींसाठी दुपारचं जेवण शिजतं, आणि स्वयंपाकघर व दालन यांच्यामध्ये फक्त एक मोठी खिडकी आहे, ती पण बिनझडपेची.

"आम्ही तोंडातून अक्षर काढणार नाही," ओझेला आई म्हणाल्या. वय एक्क्याऐंशी, साऱ्या मंडळीच्या आई, आणि त्या स्वयंपाकघरावर राज्य त्यांचं.

"तुम्ही?" चिकनला पीठ लावता लावता व्हर्डी मावशी हसल्या. "परवा तर दातांच्या डॉक्टरलाही आमेन म्हणालात."

"तो खरं बोलत होता."

"काका, यांच्यावर लक्ष ठेवा," रेनिटा मला म्हणाली. मी पियानोच्या बाकावर जाऊन बसलो. का, तर बाकीच्या खुर्च्या जेवणाच्या टेबलांना लावून झाल्या होत्या. दुसरा काही हेतू नव्हता.

अकरा वाजता पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या डॉक्टर प्रुइट. पांढरे केस, नाकावर उतरलेला चष्मा आणि कपाळावर अजिबात न हलणारी आठी.

"तुम्हाला पुढचं शिक्षण कशासाठी घ्यायचंय?"

रेनिटानं समोरच्या कागदांवर नजर टाकली. "कौटुंबिक सक्षमीकरणाच्या बहुआयामी दृष्टिकोनातून पाहता, माझ्या व्यावसायिक वाटचालीत..."

तो आवाज मला ओळखीचा. नवा पाळक पहिल्या रविवारी कागदावरून वाचतो ना, तो. खिडकीपलीकडे स्वयंपाकघरात अशी शांतता की कढईतलं तेल ऐकू यावं. दिलेला शब्द बाया पाळत होत्या बिचाऱ्या. पण आमच्या मंडळीत कोणी उभं राहून बोलतंय आणि समोरून हुंकार नाही, याहून मोठी शिक्षा नाही. रेनिटा खाली खाली जात होती आणि ओझेला आईंना ते बघवेना.

"सावर तिला, प्रभू!"

बाहेरच्या माणसाला हा आशीर्वाद वाटेल. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की प्रवचन बुडायला लागलं की हे म्हणतात. रेनिटाची मान ताठ झाली.

डॉक्टर प्रुइटनी वर पाहिलं. "तिथे आणखी कोणी आहे का?"

माफी मागून दुसऱ्या खोलीत जाता आलं असतं. रेनिटानं क्षणभर कागदांवर हात ठेवला, मग ते पालथे घातले.

"आहेत, मॅडम. ओझेला आई आहेत. मी बुडतेय असं त्या देवाला कळवतायत. आणि त्यांचं बरोबर आहे."

डावीकडचा तरुण प्राध्यापक हसला. डॉक्टर प्रुइट हसल्या नाहीत. "मग कागद बाजूलाच राहू द्या. बोला."

"मी दर महिन्याला पालकांचा वर्ग घेते. चौदा खुर्च्या मांडते. तीन भरतात. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या पोरांना आत सोडतात आणि स्वतः बाहेर गाडीत बसून राहतात. पण काकड्या मुरवून बरण्या भरायचा वर्ग ठेवला, की त्याच आज्या अर्धा तास आधी हजर!"

"बोल की!" व्हर्डी मावशींचा संयम संपला.

"बरण्या उकळत असतात आणि त्या बोलायला लागतात. लेक तुरुंगात आहे. नातू धड झोपत नाही. शाळेतून चिठ्ठी आली ती वाचता आली नाही. मी सहा महिने विचारत होते ते सगळं, वाफेत उभ्या राहून, आपणहून सांगतात."

"सावकाश, पोरी! घाई नाही!" ओझेला आईही सामील झाल्या.

"म्हणजे बायकांना शिकायचं नाही असं नाही, मॅडम! आम्हीच दार भलतीकडे बसवलंय! ते दार कुठं असायला हवं, एवढंच मला शोधायचंय!"

तिचा आवाज शेवटच्या शब्दावर असा चढला की देवाशपथ सांगतो, माझा उजवा हात आपोआप पट्ट्यांवर गेला. फक्त एक सूर. पण भरघोस.

रेनिटानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

डॉक्टर प्रुइटनी चष्मा काढला. "त्या आजींना मी एक विचारू का?"

ओझेला आई पिठाचे हात घेऊन आल्या आणि कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ गेल्या की पडद्यावर फक्त कपाळ दिसत असावं.

"पालकांच्या वर्गाला तुम्ही का जात नाही?"

"बाई, कागदावर लिहिलंय, 'पालकत्व शिका'. मी सात वाढवले, आता दोन पणतू वाढवतेय. त्या दारातून आत गेले म्हणजे मला मुलं वाढवता येत नाहीत असं गावापुढं कबूल केलं. काकड्यांचं वेगळं. काकड्या मला खरंच येत नाहीत. माझ्या मऊ पडतात."

"अगं बाई! आणि इतकी वर्षं काकड्यांवरून दुकानदाराला शिव्या घालताय!" व्हर्डी मावशी खिडकीतून ओरडल्या.

पडद्यावर तिघंही भराभर लिहीत होते. रेनिटा मात्र मुलाखत विसरून आईंकडे बघत होती. "आई, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कधी? तू काकड्या शिकवत होतीस."

"मिस बॉयकिन," डॉक्टर प्रुइट म्हणाल्या, "संशोधन कसं करतात ते तुम्हाला अजिबात माहीत नाही."

"नाही, मॅडम. त्यासाठीच यायचंय."

"हं," असं म्हणून त्यांनी पडदा बंद केला. ते हं चांगलं की वाईट यावर दुपारभर जेवणाच्या टेबलांवर दोन तट पडले. मी माझ्या अपराधापायी भांडी घासली.

नऊ दिवसांनी पत्र आलं. रेनिटा ते घेऊन धावत तळघरात उतरली, तिनं ते माझ्या हातात कोंबलं आणि मी सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रवेश दिला होता. ऑगस्टपासून वर्ग. खाली डॉक्टर प्रुइटनी पेनानं लिहिलं होतं की मंगळवारचा संशोधनपद्धतीचा तास एकही चुकवायचा नाही. देवाची स्तुती असो! व्हर्डी मावशींनी रेनिटाला उचललंच, वजनाचा विचार न करता.

"आम्हा आज्यांचं हे सगळं लिहायला किती दिवस लागतील?" ओझेला आईंनी विचारलं.

"दोन वर्षं."

"म्हणजे मी त्र्याऐंशीची. भरभर लिही, आणि अक्षर मोठं ठेव. माझं नाव असेल ना त्यात?"

"संशोधनात खरं नाव घालता येत नाही, आई. नियम आहे. बदलावं लागतं."

आईंनी फडक्याला हात पुसले आणि थोडा विचार केला. "मग बर्नाडेट ठेव. लहानपणापासून मला तेच हवं होतं."