नुरूच्या शेताला आलेला ताप

नुरूचं भात पेरून झालं होतं, आणि ती पेरणी कधी सुरू करते याची अख्खं गाव वाट बघत होतं.

यात गावाची तरी काय चूक? अलाउत्रा तळ्याच्या काठी पेरणी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. आधी पुरुष लांब दांड्याची फावडी घेऊन उतरतात, माती उलथीपालथी करतात, वर बैल नाचवतात, आरडाओरडा होतो, दोघातिघांची भांडणं होतात, आणि मग बायका येऊन बी घालतात. नुरूनं यातलं काहीच केलं नव्हतं. गेल्या साली टेकडीवरच्या तुकड्यात तिनं काठीनंच मका टोकला होता आणि मक्यात वाल. मका काढल्यावर वालाचे वेल तिनं तसेच जमिनीवर आडवे केले. यंदा जमीन पुरती भिजल्यावर त्या पाल्यातूनच काठीनं भोकं पाडत, दोन लेकींना हाताशी घेऊन तिनं भात टोकलं. तळ्यापलीकडची तिची मावशी असंच करायची. पाल्याखाली ओल टिकते, तण गुदमरतं, माती जागची हलत नाही, एवढं मावशीनं शिकवलं होतं. गावाला कसं तोंड द्यायचं ते शिकवायचं राहून गेलं होतं.

आणि तोंड द्यावं लागणारच होतं. फावडं पुरुषाचं, आणि टेकडीवरची जमीन फावड्यामागे जाते, असा आमच्याकडचा रिवाज. जिला दोन पावसाळे फावडं लागलं नाही ती बेवारस. मग घरातला थोरला पुरुष पहिलं फावडं मारतो आणि जमीन त्याची होते. नुरूचा नवरा सुलुफू वारला होता. हा दुसरा पावसाळा. थोरला पुरुष म्हणजे दीर रालाई. तो तुकडा गेला असता तर नुरूला लेकींना घेऊन दुसऱ्यांच्या बांधावर राबायला जावं लागलं असतं.

रालाई वाईट माणूस नव्हता. तो नुसता वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्या माणसाची भीती जास्त वाटते. रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तो बांधावर यायचा, पुतण्यांची खुशाली विचारायचा आणि मग हळूच म्हणायचा, "काय नुरू, पेरणीला सुरुवात कधी?"

"झाली की, भाऊजी."

"कुठाय?"

"संपली पण."

तो मान हलवत निघून जायचा. नवरा गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यानं गावात सांगितलं, तेही वाईट वाटून. त्याचे बैल मात्र संध्याकाळी मोकळे सुटायचे आणि नेमके तिचा पाला खायला यायचे. त्यांना हाकलून हाकलून नुरूचा घसा बसला. पाला गेला की सगळंच गेलं, हे तिला माहीत होतं आणि बैलांनाही असावं.

शेवटी गाव बघायला आलं. पुढे म्हातारा राइनिवुआ. लग्न असो की मयत, भाषण त्याचंच. भाषणाआधी बोलल्याबद्दल माफी मागायची पद्धत आहे. राइनिवुआ माफी लांबल्याबद्दलही माफी मागायचा. त्या दिवशी दोन्ही माफ्या उरकून त्यानं शेताकडे पाहिलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेत झाकलेलं होतं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, मागोमाग सगळ्यांनी काढली.

"पोरी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पांघरूण एक तर मेलेल्याला घालतात, नाहीतर तापकऱ्याला. यातलं कोणतं?"

नुरू हिशोब करू लागली. मेलं म्हणावं तर क्रियाकर्म, वाटणी आणि रालाईचं फावडं. शेताला काही झालेलंच नाही म्हणावं, तर हे कोण ऐकणार? वडीलधाऱ्या माणसाशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती.

"ताप आहे, काका," ती म्हणाली. "नुसतं फणफणलंय."

राइनिवुआ खाली वाकला. पाल्याखाली हात घातला. हात ओला झाला.

"घाम सुटलाय," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "म्हणजे उतरेल. गडबड करू नका."

त्या दिवसापासून नुरूच्या शेताची आजाऱ्यासारखी बडदास्त सुरू झाली. बायाबापड्या ओंजळभर तांदूळ नाहीतर भाजीला कसाव्याचा पाला घेऊन समाचाराला यायच्या, बांधावर बसून कुजबुजायच्या. कुणी कुणी शेताला आपल्या जुन्या दुखण्यांची हकिगत सांगायचं. त्या वाटेनं गुरं न्यायला बंदी झाली. रालाईला बैल बांधून ठेवावे लागले आणि घरातला थोरला म्हणून संध्याकाळचं उशाशी बसावं लागलं. शेताचं डोकं कोणत्या बाजूला यावर तासभर चर्चा झाली. आजाऱ्याजवळ फावडं नेलं तर त्याचा खड्डा खणायला आल्यासारखं होतं, म्हणून फावडं घरी ठेवून तो यायचा. हाताला चाळा नाही म्हणून सुरुवातीला तो नुसता गवताच्या काड्या मोडायचा.

पाल्यातून हिरवे कोंब वर आले तेव्हा राइनिवुआनं गोवर ठरवला. अंगावर फुटलाय ते बरं झालं, पोटात राहिला असता तर अवघड होतं, म्हणाला. कुणी हात लावायचा नाही.

मग एका दुपारी आभाळ फाटलं. टेकडीवरच्या उलथलेल्या शेतांची लाल माती बियाण्यासकट तळ्यात गेली. रालाईचं निम्मं शेत त्याच्या डोळ्यांदेखत उतरून गेलं. पुढे पावसानं दडी मारली, राहिलेलं निम्मं करपलं. आजारी शेत तेवढं गुडघाभर हिरवं उभं होतं. रालाई उशाशी बसून त्याच्याकडे बघत राहायचा. आता तो काड्याही मोडत नव्हता.

कापणीच्या तोंडावर त्याच शेताच्या बांधावर पंच बसले. रालाई उठला आणि त्यानं रिवाज सांगितला. दोन पावसाळे झाले, फावडं लागलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते खरंच होतं.  नुरूनं धाकटीचा खांदा धरला.

"फावडं मेलेल्यासाठी," राइनिवुआ म्हणाला. "आधी शेत मेलं असं जाहीर कर, बैल काप, गावाला जेवण घाल, आणि मग मार."

रालाईनं लोंब्यांनी वाकलेल्या भाताकडे पाहिलं. याला मेलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. "मग बरं झालंय म्हणा," तो म्हणाला. "आणि बरं झालंय तर पांघरूण काढा. धडधाकट माणूस लोळत पडत नाही."

हे पंचांना पटलं. आपल्याकडे कुणीही शेवटचं बोललेलं पटतं. तेव्हा नुरू बोलली, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"काका, आजारी माणूस कुणाच्या घरी ठेवतात?"

"जो सेवा करतो त्याच्या. कुणी ओढून न्यायचा नसतो."

"मग हे माझ्याकडेच राहू दे. वरून बरं दिसतं, पण दुखणं जुनं आहे. पांघरूण काढलं की उलटेल."

"आणि उतरणार कधी?" रालाईनं विचारलं.

"माझ्या हयातीत नाही, भाऊजी."

"तू गेल्यावर कोण बघणार?"

"माझ्या लेकी बघतील. त्यांना पांघरूण घालता येतं."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरींना जमीन देत नाहीत, पण इथे जमीन मागतंय कोण? आजाऱ्याची सेवा करू द्या म्हणतेय बिचारी. राइनिवुआनं हात वर केला आणि निकाल झाला.

नुरूला हुंदका आवरेना. शेत तिचं झालं होतं, तिच्यामागे तिच्या पोरींचं झालं होतं, आणि हे मोठ्यानं म्हणायचीही सोय नव्हती. बायकांनी तिला जवळ घेतलं. धीर धर, दुखणी कुणाला चुकली आहेत, म्हणाल्या.

सगळे पांगल्यावर रालाई तिच्याजवळ आला. इकडे तिकडे बघून त्यानं आवाज खाली आणला.

"नुरू, हा ताप साथीचा आहे का गं? माझं शेत बांधालाच लागून आहे."