फडक्याला आलेला गोल

शाळेच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पांढऱ्या कागदावर पत्र्याचं एक कासव बसलं होतं. पोटाशी पेन, मागे वायर, आणि ती वायर पडद्याआड गेलेली. हे यंत्र शाळेच्या गळ्यात मारायला आलेला टायवाला सांगत होता की, हा रोबो कॉम्प्युटरच्या बुद्धीवर चालतो. मुलानं नुसता हात ठेवला की त्याची अक्कल ओळखतो. गोल काढला तर मूल शिकेल. वाकडी रेघ आली तर त्याला वेळीच कामाला जुंपावं. मुख्याध्यापक मान डोलावत होते.

मुलं एकेक करून पुढे येत, वडिलांचा धंदा मोठ्यानं सांगत आणि कासवावर हात ठेवत. डॉक्टरांच्या मुलाला गोल आला, वकिलांच्या मुलीलाही. शाळा झाडणाऱ्या आजीच्या नातीला मात्र वाकडी रेघ. पोरगी गणितात पहिली, पण तिचा बाप, आजीचा हमाल मुलगा, हात जोडून म्हणाला, "आई, आता यंत्रच सांगतंय. उद्यापासून हिची शाळा बंद."

आजीनं नातीला जवळ ओढलं. याच नातीच्या पाटीवर ती साठीत अक्षरं शिकली होती. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. अक्कल हातात असते, तर बापाचा धंदा कशाला विचारतात, आणि तोही ओरडून?

ती नातीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि तिला घेऊन पुन्हा रांगेत शिरली. पाळी आली तशी तिनं फरशी पुसायचं फडकं पिळून कासवाच्या पाठीवर ठेवलं. नात खणखणीत म्हणाली, "वडील डॉक्टर."

टायवाला जोरजोरात खोकला. पडद्याआड त्या खोकल्याचा अर्थ पोचला नाही. कासव गरगरलं आणि त्यानं सुरेख गोल काढला.

"फडकं हुशार निघालं हो," आजी म्हणाली. "वरच्या वर्गात घाला त्याला."

हशा ओसरायच्या आत तिनं पडदा ओढला. मागे कॉम्प्युटरसमोर घामाघूम झालेला एक माणूस होता आणि कीबोर्डवर चिकटवलेली चिठ्ठी. आजीनं बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचलं, "डॉक्टर, वकील, साहेब, एक दाबणे. बाकी सगळे, दोन."

गणिताच्या बाईंनी नातीलाच कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं. पुढे जा, वळ, पुढे जा, असे कासवाला हुकूम द्यायला शिकवलं. पहिला चौकोन तोंड उघडं ठेवून बसला. दुसरा मिटला.

हमालानं खाली मान घालून लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"यंत्र नवसाला पावत नाही आणि कोपतही नाही," आजी त्याला म्हणाली. "सांगितलं तेवढं करतं. म्हणून पाया पडायच्या आधी वायर कुठं जाते ते बघावं."