कॅल्क्युलेटरची परवानगी

आमच्या घरात गणित कुणाचंच कधी अडलं नव्हतं. माझे वडील कराडला गणिताचे मास्तर होते. माझा भाऊ सुबोध इंजिनिअर, त्याच्या मुलाला दहावीला गणितात शंभरपैकी शंभर. मी केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात, म्हणजे आकड्यांवरच पोट भरणारा. भाजीवाल्याचा हिशोब त्याच्या आधी तोंडी सांगून त्याला गप्प करणं हा माझा आवडता खेळ. उर्मिला, माझी बायको, त्यावर म्हणायची की तुम्हाला भाजीपेक्षा शाबासकीच जास्त हवी असते. खरं होतं ते.

आणि माझ्या पोटी क्षितिजा आली, जिला सात आठे किती हे आठवीतही सांगता येईना. चंडीगडला बदली होऊन आम्ही मनीमाजऱ्यात भाड्याने राहायला आलो ते त्याच वर्षी. शाळा बदलली म्हणून गोंधळली असेल, असं मी धरून चाललो. मग मी शिकवायला बसलो. माझं शिकवणं म्हणजे ओरडणं. बाथरूमच्या दारावर पाढे चिकटवले, चुकलं की दहा वेळा लिहायला लावलं. ती मुकाट्याने लिहायची आणि दुसऱ्या दिवशी छप्पनच्या जागी पुन्हा पासष्ट सांगायची. मला वाटायचं ही मुद्दाम करते.

नववीत ती गणितात नापास झाली, फेरपरीक्षेत कशीबशी वर ढकलली गेली. तेव्हा शाळेतल्या सरोज मॅडमनी आम्हाला बोलावलं. अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांसाठी शाळेने नेमलेल्या त्या शिक्षिका होत्या. त्यांनी सरकारी हॉस्पिटलमधून तपासण्या करून घ्यायला लावल्या आणि तीन खेपांनंतर सर्टिफिकेट हातात आलं: डिसकॅल्क्युलिया. मॅडमनी सोपं करून सांगितलं. हिला गणित समजतं, फक्त आकडे हिच्या डोक्यात जागेवर राहत नाहीत. बोर्ड अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर वापरू देतं, आपण अर्ज करू, तोवर हिला कॅल्क्युलेटरवर सराव करू द्या. उर्मिला तिथेच रडली, सुटल्यासारखी. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

कॅल्क्युलेटर मी मनीमाजऱ्याच्या बाजारातूनच घेतला, किराणा दुकानदार वापरतात तसला, मोठ्या बटणांचा. सरोज मॅडमनी क्षितिजाला एक शिस्त लावून दिली होती: आधी बोल, मग दाब, मग बघ. रोज संध्याकाळी सहा ते आठ आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायचो. ती शंकूचं चित्र काढायची, त्रिज्या सात, उंची चोवीस लिहायची, तिरकी उंची काढायला वर्ग करून मुळाखाली घालायची. सगळं बरोबर, एकही पायरी चुकत नसे. मग बोट बटणावर ठेवून, शाळेमुळे आता घरातही तोंडात बसलेल्या हिंदीत पुटपुटायची, "दो, दो, गुणा, दो, पाँच," आणि पडद्यावर साडेपाचशे उमटले की माझ्याकडे बघायची. ऑगस्टमध्ये तिला चाळीसपैकी बारा मिळत होते, सप्टेंबरअखेर एकतीस. सरासरीच्या लांबलचक उदाहरणांत बेरीज साठवून ठेवायचं एक बटण असतं ते तिचं तिनेच शोधून काढलं आणि मला शिकवलं. आकडेमोडीचं काहीतरी माझी मुलगी मला शिकवत होती, पहिल्यांदाच.

मला आनंद झाला होता, हेही खोटं नाही. म्हणून तर पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

सप्टेंबरातच सरोज मॅडमनी अर्जाचा कागद माझ्या हातात दिला. पालकांची सही, सर्टिफिकेटची प्रत, आणि शाळा तो बोर्डाकडे पाठवणार. ऑक्टोबर संपायच्या आत. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सवलत. खाली चौकोनात क्षितिजाचं नाव, आणि त्याखाली माझं.

बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. कागद एकदा फायलीला लागला की निघत नाही. माणसं बदलतात, खाती बदलतात, कागद राहतो. उद्या हिची नोकरी, परवा हिचं लग्न, कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी तो शब्द वाचणार, असं मला वाटलं. निदान स्वतःची समजूत मी तशीच घातली. खरं कारण याहून हलकं होतं. दिवाळीला सुबोधकडे जायचं होतं आणि मास्तरांच्या नातीला दोन अधिक दोन करायला यंत्र लागतं, हे मला तिथे जाऊन सांगायचं नव्हतं.

मी अर्ज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मनाशी ठरवलं, हिची इतकी प्रगती होतेय, डिसेंबरपर्यंत कॅल्क्युलेटर हळूहळू सोडवू. लहान मुलाच्या सायकलची मागची आधाराची चाकं काढतात तसं. उर्मिलाने विचारलं तेव्हा सांगितलं की दिला. क्षितिजानेही विचारलं, तिलाही तेच सांगितलं. ऑक्टोबरच्या मध्यावर सरोज मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या शाळा सोडून गेल्या. त्या असत्या तर त्यांनी मला सोडलं नसतं. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि पालकांनीच अर्ज केला नाही म्हणजे त्यांना नको असेल, असं शाळेने धरलं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी, मी चाकं काढायला घेतली. आज पाच उदाहरणं कॅल्क्युलेटरशिवाय, असं म्हणालो. तिने विचारलं, "क्यों? एग्ज़ाम में तो मिलेगा ना?" सवय असावी, मी म्हणालो. तिने पाचही उदाहरणं मांडली, नीट, रेघा मारून, आणि बावीस गुणिले पंचवीसपाशी येऊन थांबली. चारशे पाच लिहिलं, खोडलं, पाचशे पाच लिहिलं, खोडलं. कागद फाटला. मी ओरडलो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने बघितलं असणार, कारण ती बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास बाहेर आली नाही. असं आठवडाभर चाललं. आठवड्यानंतर तिला पाच दुणेही येईना, आणि मला कळून चुकलं की ही चाकं निघणारी नव्हतीच. ज्यांना मी चाकं समजत होतो ते तिचे पाय होते.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन शाळेत गेलो. ऑफिसमधल्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. यादी पाठवून झाली होती, आता शाळेच्या हातात काही नाही. मग रजा टाकून बोर्डाच्या विभागीय कार्यालयात गेलो. तिथला क्लार्क माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच स्वेटर घातलेला. त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला, सर्टिफिकेटची तारीख पाहिली आणि विचारलं, "जून से सर्टिफिकेट है आपके पास, तो अब तक क्या कर रहे थे जी?"  साहेबांकडे पाठवा म्हणून मी हात जोडले. साहेबांनीही तेच सांगितलं, जरा जास्त गोड बोलून. मुदत संपली. हे वाक्य मी आजवर किती लोकांना ऐकवलंय आणि ऐकवून चहाला गेलोय, ते आठवलं.

त्या दिवशी घरी येऊन सांगायला हवं होतं. उर्मिला चिडली असती, चार दिवस बोलली नसती. पण डिसेंबर होता, हातात अडीच महिने होते. काहीतरी केलं असतं, कुणाला तरी भेटलो असतो, निदान पोरीला कळलं असतं की ती कशाला सामोरी जाणार आहे. घरात शिरलो तर ती टेबलाशी वही उघडून बसली होती आणि तिने माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती. मी शेपूट घातलं. खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, चल, आज वर्गसमीकरणं.

जानेवारीत शाळेची सराव परीक्षा झाली. तिथे वर्गावरच्या बाईंनी तिचा कॅल्क्युलेटर काढून घेतला. ऐंशीपैकी एकोणीस. पास व्हायला सत्तावीस लागतात. उर्मिला शाळेत भांडायला निघाली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला अडवलं आणि सांगितलं की परवानगी बोर्डाच्या परीक्षेपुरती असते, शाळेच्या नाही, मी स्वतः चौकशी करून आलोय. नियमांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा असतो. दोघींनी विश्वास ठेवला. क्षितिजा तर हसली. म्हणाली, म्हणजे खरी परीक्षा सोपी जाणार.

त्यानंतरचे सहा आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. रोज सहा ते आठ मी तिच्याशेजारी बसायचो. ती उदाहरणामागून उदाहरण सोडवत होती, एकतीसची पस्तीस, पस्तीसची सदतीस झाली. प्रत्येक बरोबर उत्तरापुढे मी लाल पेनाने खूण करत होतो. उर्मिला दोघांना गरम दूध आणून द्यायची आणि म्हणायची, बाप असावा तर असा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही गाडीने निघालो. केंद्र दुसऱ्या सेक्टरमधल्या एका शाळेत होतं. फाटकापासून थोडं अलीकडे मी गाडी उभी केली. पारदर्शक पाऊचमध्ये तिचं प्रवेशपत्र, दोन पेनं, पट्टी आणि कॅल्क्युलेटर होता. दार उघडायला तिने हात लावला तेव्हा मी बोललो.

"क्षितू, थांब. परवानगी नाहीये."

"मतलब? परमिशन नहीं मिली?"

"मी मागितलीच नाही. अर्ज दिलाच नव्हता मी."

 ती रडेल, ओरडेल, गाडीतून उतरायला नकार देईल, असं सगळं मी मनात घोकून आलो होतो. तिने यातलं काहीच केलं नाही. पाऊचची चेन उघडून कॅल्क्युलेटर काढला आणि दोघांच्या मधे ठेवला. मग विचारलं, "मम्मा को पता है?"

मी मान हलवली. नाही.

ती उतरली आणि फाटकाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तीन तास मी गाडीतच होतो.

पेपर सुटल्यावर ती मुलींच्या घोळक्यातून एकटी चालत आली. मी विचारण्याआधीच तिने सांगितलं. सगळे प्रश्न येत होते. सगळ्यांची मांडणी केली, सूत्रं लिहिली, किमती घातल्या, आणि जिथे आकडेमोड आली तिथे जागा सोडली. चुकीचं उत्तर लिहावंसं वाटलं नाही, असं म्हणाली. मी म्हटलं की पायऱ्यांचेही मार्क असतात, कदाचित सत्तावीस होतील.  घर येईपर्यंत माझी माफी मागायची चार वाक्यं जुळवून झाली होती, आणि उर्मिलाला सगळं सांगायचं हेही ठरलं होतं. खरंच ठरलं होतं.

उर्मिला दारातच उभी होती. तिने लेकीचा चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात क्षितिजा बोलली.

"कैलकुलेटर गाड़ी में रह गया, मम्मा. मैं भूल गई."

 उर्मिलाचा बांध फुटला. वर्षभराची मेहनत, बेजबाबदार कार्टी, एवढी एक वस्तू सांभाळता येत नाही? तुझ्यासाठी बाबा ऑफिसातून थकून येऊन रोज दोन तास बसले, कधी एक दिवस चुकवला नाही, त्या माणसाकडे बघ जरा, काय वाटत असेल त्याला. क्षितिजा बूट काढत खाली बघून ऐकत होती. मला बोलायला भरपूर वेळ होता. दोनदा तोंड उघडलंही.

शेवटी उर्मिला म्हणाली, "बाबांना सॉरी म्हण."

क्षितिजाने वर पाहिलं. "सॉरी, बाबा."

"असू दे," मी म्हणालो.