क्लोरिंदा आत्याची विचारपूस

पोलिसाने बुटाने पोतं उलटं केलं आणि भाजलेलं पीठ चुलीपर्यंत पसरलं. एर्मेलिंदा भिंतीला पाठ लावून उभी होती. आपल्याच घरात हात वर करून उभं राहायची तिची ही चौथी खेप, पण भीती दर वेळी कोरी करकरीत.

"पोरगी कुठंय?" कॅप्टनने विचारलं.

"शहरात. कामाला गेलीय."

तिची लेक लिकान शहरात नव्हती. पणजोबांची जमीन आता लाकूड कंपनीची झाली होती. तिथे ती चिलीतल्या इतर मापुचे आदिवासींबरोबर ठिय्या देऊन बसली, तेव्हापासून तिच्या नावाचं वॉरंट फिरत होतं. शेजारच्यांच्या मुलाला असंच धरून नेलं होतं. तो परत आला तो एक डोळा गमावून.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. नव्वदीची क्लोरिंदा आत्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबली. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारपूस केल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही, ही मापुचेंची रीत. दारात बंदुका आहेत म्हणून ती मोडायला आत्या काही तयार नव्हती.

"नवरा कसा आहे तुझा?" तिने आपल्या भाषेत सुरुवात केली.

"बरा आहे, आत्या."

"त्याचा गुडघा?"

"दुखतो अधूनमधून."

"सासू?"

"बरी आहे."

"आणि लिकान?"

एर्मेलिंदाने कॅप्टनकडे पाहिलं. विचारलेल्या नावाला उत्तर आलं नाही, तर ते माणूस गेलं असं समजायचं.

"गप्प का?" आत्या पुढे झुकली. "गेली का गं पोर?"

जित्याजागत्या लेकीला आपल्या तोंडाने कसं मारायचं?

"बरी आहे," ती बोलून गेली. "मागच्या कोठारात आहे. आता पुरे करा, आत्या."

यांना कुठे आपली भाषा कळते, असा धीर तिने स्वतःला दिला. मग तिची नजर दाराशी उभ्या हवालदाराच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली. हुआइकिमिल. आपल्यातलंच आडनाव. तो तिच्याकडेच बघत होता.

"काय चाललंय या बायकांचं?" कॅप्टनने त्याला विचारलं.

"ख्यालीखुशाली, सर. एकेकाचं नाव घेऊन विचारतात. संध्याकाळपर्यंत चालेल."

"मागचं कोठार पाहिलं?"

हवालदाराने ओठ ओले केले.

"पाहिलं, सर. सफरचंदं आहेत नुसती."

सगळे बाहेर पडले. हवालदार शेवटी निघाला, तर आत्याने काठी आडवी धरली.

"आपलाच दिसतोस. आई बरी आहे का रे?"

त्याने कॅप्टनच्या पाठीकडे पाहिलं.

"आई बरी आहे," तो त्यांच्याच भाषेत हळू म्हणाला. "भाऊ बरे आहेत. आमची दुसरी गाडी पुलाजवळ उभी आहे. अंधार पडेपर्यंत तिथेच असेल."

"आणि वडील?"

हवालदार काहीच बोलला नाही. आत्याने मान खाली घातली आणि काठी बाजूला घेतली.