स्टिकांचं फाटक

कॅप्टनला घेऊन जाणारी व्हॅन कोपऱ्यावरून वळली, आणि टाटा करायला वर केलेला हात खाली यायच्या आत वहिनीने पहिला बळी ठरवून टाकला. मोठा, हॉकीत जिंकलेला कप. दोन कानांचा, चांदीचा मुलामा दिलेला. कॅप्टन तो दर शनिवारी सकाळी मऊ फडक्याने पुसायचा आणि पुसता पुसता बायकोला बजावायचा, "लांबून बघ हं. हात लावू नकोस, डाग पडतात."

वहिनीने तो कप उलटा करून मांडीत घट्ट धरला आणि ड्रिल मशीनने त्याच्या बुडाला तीन भोकं पाडली. पाणी निथळायला नको? मग आत माती दाबून भरली आणि पुदिना लावला.

"झकास!" ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून तर म्हणता आलं.

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, कारण तिचा नवरा कॅप्टन. कशाचा कॅप्टन, तर कारखान्याच्या हॉकी टीमचा, आणि तोही कधीच्या काळी! कारखाना बंद पडला, टीम म्हातारी झाली, एकेकाचे गुडघे कामातून गेले, पण ह्याच्या अंगातली कॅप्टनकी काही उतरली नाही. घरात पाणी मागायचा तेसुद्धा शिट्टी फुंकल्यासारखं. बायको त्याला अहो-जाहो करत होती तेवढं पुरे झालं, आपण करायची काही गरज नाही.

त्या टीमची एक रीत होती. ज्याचं खेळणं थांबलं त्याने आपली स्टिक कॅप्टनच्या हवाली करायची आणि पुन्हा मागायची नाही. मागितली तर कॅप्टनवर विश्वास उरला नाही, असा त्याचा अर्थ. एकेकाच्या अशा स्टिका आल्या, मागोमाग पॅड आले, हेल्मेटं आली, खिळ्यांचे बूट, बॉलच्या टोपल्या, गोलपोस्टचं फाटकं नेट. हे सगळं घरातल्या खालच्या खोलीत जाऊन बसलं. घरातली सगळ्यात चांगली खोली बरं का ती! सकाळचं ऊन यायचं, बाथरूम लागून होती, आणि एकही पायरी चढावी लागत नव्हती.

वहिनीच्या आईला तेवढंच हवं होतं. आईचे पाय गेले, एकटीने राहणं जमेना, तेव्हा वहिनीने कॅप्टनला विचारलं. विचारलं कसलं, पदर पसरला.

"अगं, ती खोली माझी आहे का?" कॅप्टन म्हणाला. "ती टीमची आहे. माणसांनी विश्वासाने ठेवलेल्या वस्तू आहेत. माळ्यावर टाकल्या तर वाळवी खाईल. उद्या कोणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

वहिनी भांडली, रडली, जेवण सोडलं. कॅप्टन ढिम्म हलला नाही. शेवटी आई वृद्धाश्रमात गेली. लांबलचक हॉल, ओळीने खाटा, आणि आईची खाट नेमकी संडासाच्या दाराशी. वहिनी भेटायला गेली की आई इकडेतिकडे बघून हळूच विचारायची, "झाली का गं जागा तुझ्याकडे?" आणि वहिनी म्हणायची, "होतेय आई, होतेय." मागच्या थंडीत आई त्याच खाटेवर गेली.

तेव्हापासून वहिनीच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. ह्या माणसाला दुखवायचं. असं दुखवायचं, की जिवापाड जपलेलं कोणी हातातून काढून घेतलं म्हणजे काय होतं ते त्याला कळलं पाहिजे. रडला तर उत्तमच. आणि हे सगळं करताना हात थरथरू द्यायचा नाही, हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

तशी ती रोपांच्या नर्सरीत कामाला होती. फुटका माठ असो नाहीतर गळका पिंप, त्यात काय लावलं तर तग धरेल हे तिला बघताक्षणी कळायचं. जुन्या खेळाडूंच्या स्पर्धेला कॅप्टन पाहुणा म्हणून टीमला घेऊन आठवडाभर परगावी गेला आणि वहिनीला हवी होती ती सवड मिळाली. तिने नर्सरीत रजा टाकली, तिथलंच ड्रिल मशीन आणि करवत मागून आणली आणि खोलीचं कुलूप काढलं.

अहाहा, काय हात चालला तिचा! खिळ्यांच्या बुटांत कोरफड बसली आणि बूट जोडीजोडीने पायरीवर चढले. हेल्मेटं उलटी करून साखळीने व्हरांड्यात टांगली, त्यांतून मनीप्लांट खाली लोंबायला लागला. गोलकीपरच्या जाडजूड पॅडना कप्पे होतेच, ते तिने थोडे उसवले, आतला फोम उपसला, माती आणि नारळाचा काथ्या भरला आणि नेचे लावून पॅड भिंतीवर ठोकले. पांढरे बॉल वाफ्याच्या कडेने अर्धे अर्धे मातीत पुरले. नेट काकडीच्या वेलाला दिलं. पदकं दोऱ्यात ओवून टोमॅटोवर बांधली, वाऱ्याने वाजत राहिली की पाखरं फिरकत नाहीत. ढालींची लाकडं भिंतीत बसवून त्यांवर हुक मारले आणि एका हुकाला झाडू अडकवला. तो झाडू अडकवताना तिला जे सुख झालं ते काय सांगावं!

स्टिका तिने शेवटाला ठेवल्या होत्या. जुनं लोखंडी फाटक गंजून गेलं होतंच. त्याची चौकट ठेवून मधले गज तिने काढून टाकले आणि स्टिका उभ्या लावल्या, वाकडी टोकं वर करून. जिथे उंची जास्त झाली तिथे सरळ करवत चालवली. प्रत्येक स्टिकच्या मुठीजवळ मालकाचं नाव रंगवलेलं होतं. कॅप्टनची स्वतःची स्टिक तिने मुद्दाम अगदी मधोमध बसवली, आणि तिचे मात्र दोन तुकडे केले. एका तुकड्याची कडी झाली, दुसऱ्याचा अडसर.

सगळं झाल्यावर तिने खोली धुऊन काढली. रिकाम्या खोलीत सकाळचं ऊन थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचलं. एवढी मोठी खोली! ती दारातच बसली आणि दातओठ खाऊन रडली.

आता खरं सांगायचं तर कॅप्टनच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट वहिनी मनाशी धरून होती. रविवारी नर्सरीत गिऱ्हाइकांची झुंबड, त्यामुळे ती दिवसभर तिथे अडकलेली. संध्याकाळी घरी यावं तर टेबलावर फळं असायची. पपई, केळी, कधी सोलून ठेवलेला चिकू. चावायला त्रास पडू नये अशी मऊ मऊ फळं. तोंडाने कधी गोड बोलला नाही, पण दमून आलेल्या बायकोसाठी फळं आणतो, असं तिला वाटायचं. करवत चालवताना दोनतीनदा ती फळं आठवली आणि हात अडखळला. पण मग तिला आईची खाट आठवली.

व्हॅन परत आली ती दुपारी. कॅप्टनला कोपऱ्यावरच उतरायचं होतं, "कशाला आत येता, मी जातो चालत," असं तो म्हणत होता म्हणे. पण ड्रायव्हरला लांबूनच ते फाटक दिसलं आणि त्याने गाडी थेट दाराशी आणून उभी केली. म्हातारे एकेक करून उतरले. सगळ्यात शेवटी वॉकर टेकत गोली उतरला, म्हणजे टीमचा गोलकीपर. कमरेचं हाड मोडल्यापासून त्याचा एक पाय जमिनीला नीट टेकतच नव्हता.

वहिनी व्हरांड्यात हाताची घडी घालून उभी राहिली. ह्याच घटकेची तर ती वाट बघत होती.

कॅप्टनने फाटक पाहिलं. त्याने कडीला हात घातला, हातात काय आलंय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्याची नजर पुदिन्यावर गेली, झाडूवर गेली. वहिनीला वाटलं, हेच. हेच हवं होतं मला.

पण बाकीच्यांचं भलतंच चाललेलं. लंबू म्हणून त्यांचा एक फुलबॅक होता, तो फाटकावरून हात फिरवत स्वतःचं नाव शोधत होता. सापडलं तसा लहान मुलासारखा हसला. गोली भिंतीपाशी पोचला आणि थबकला.

"अरे लंबू, माझे पॅड! बघ तरी, पानं फुटलीत माझ्या पॅडांना!"

आणि हे सगळं कुजबुजत बरं का. दहा म्हातारी माणसं अंगणात, आनंदाने वेडी झालेली, आणि एकाचाही आवाज चढत नव्हता. हसायचे तेसुद्धा तोंडावर हात ठेवून. वहिनीला काही कळेना. हे काय चालवलंय यांनी?

"चला, चला," कॅप्टन घाई करायला लागला. "उशीर होतोय तुम्हाला. ड्रायव्हर थांबलाय."

"थांब रे, वहिनींशी बोलू तरी दे. नेहमी आम्ही येतो तेव्हा त्या कामावर." गोली वॉकर सरकवत पायरीशी आला. त्याच्या हाताला एक पिशवी लटकत होती. ती त्याने पुढे केली. आत पिकलेली पपई होती. "वहिनी, आईंसाठी. बी काढून द्या हं, मागच्या वेळी मी सांगायला विसरलो. झोपल्यात का त्या? आमचा आवाज तर नाही ना झाला?"

"कोणाची आई?" वहिनी म्हणाली.

"तुमची. आत असतात त्या." गोलीने मानेनेच खालच्या खोलीकडे दाखवलं. "कॅप्टन सांगतो ना, जरा खुट्ट झालं तरी दचकून उठतात म्हणून."

वहिनीने पिशवीतली पपई बघितली. मग कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन टोमॅटोच्या वाफ्याकडे बघत होता.

"अरे, ते मी तुम्हाला सांगणारच होतो..." तो पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि कॅप्टन गप्प बसला सुद्धा. "गोलीभाऊ, नीट सांगा. माझी आई इथे असते, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

गोली गोंधळला. त्याने लंबूकडे पाहिलं. "माझं ऑपरेशन झालं ना, तेव्हा मीच आलो होतो विचारायला. डॉक्टर म्हणाले जिना चढायचा नाही, आणि पुतण्याचं घर चौथ्या मजल्यावर. म्हटलं, कॅप्टनकडे खालची खोली आहे, पाय नीट टेकेपर्यंत राहीन. तर कॅप्टन म्हणाला, तिथे सासूबाई आहेत, अंथरुणाला खिळल्यात. मग काय बोलणार? आईच्या जागी मी कसा येऊन झोपू? गेलो चौथ्या मजल्यावर. पाय काही टेकला नाही." हे सांगतानासुद्धा तो कुजबुजतच होता. "आणि स्टिका माळ्यावर जपून ठेवल्यात, असं म्हणाला."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईसाठी विचारलं तर सांगितलं टीमच्या वस्तू आहेत, टीमला सांगितलं आई आहे. ह्या माणसाने दोघांनाही बाहेर ठेवलं आणि खोलीला कुलूप लावून वर फळं खाल्ली. आजाऱ्याने आजाऱ्यासाठी पाठवलेली फळं! आणि ती आपल्या पानात वाढून आपल्यालाही खायला लावली.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "सगळेच मोठ्याने बोला. आत कोणी झोपलेलं नाही. माझी आई ह्या घरात एक रात्र राहिली नाही. वृद्धाश्रमात संडासाशेजारच्या खाटेवर मेली, मागच्या थंडीत. का, तर म्हणे ह्या खोलीत तुमच्या स्टिका होत्या."

लंबूने फाटकावरचा हात काढून घेतला. गोली पपईच्या पिशवीकडे बघत राहिला, मग त्याने मान वर केली आणि कॅप्टनकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं, असं ते बघणं होतं. कॅप्टन जो खाली बसला तो बुटांच्या ओळीवरच, कोरफडीवर. काटे टोचले असतील, पण उठला नाही.

"गोलीभाऊ," वहिनी म्हणाली, "खोली रिकामी आहे. पुतण्याला फोन करा, कपडे घेऊन यायला सांगा. तुम्ही आजपासून इथे राहायचं."

"पण कॅप्टनला..."

सगळी टीम कॅप्टनकडे वळली. इतक्या माणसांसमोर तो काय बोलणार? "राहू दे की," तो म्हणाला. आवाज कसातरीच निघाला.

लंबूने आणि ड्रायव्हरने वरून पलंग उतरवून दिला. वहिनीने गादी टाकली, चादर अंथरली, उशीला अभ्रा चढवला, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. झालं. हिरवी मिरची चिरायला लागतो तेवढाच वेळ लागला. चादरीचा कोपरा गादीखाली खोचताना तिचे हात थांबले. एवढंच? एवढंच करायचं होतं? तिला वाटलं होतं, सूड घेतल्यावर छातीवरचा दगड उतरेल. कॅप्टन तर पुरता उघडा पडला होता, पण दगड जिथे होता तिथेच होता. तिने कोपरा नीट खोचला आणि बाहेर आली.

व्हॅन निघून गेली होती. खोलीबाहेरच्या बोळात कॅप्टन उभा होता, भिंतीला टेकून. आतून गोलीचा वॉकर खोलीत फिरल्याचा आवाज येत होता.

"किती दिवस राहणार आहे हा?" कॅप्टनने विचारलं. कुजबुजत.

"मरेपर्यंत," वहिनी म्हणाली, आणि तिने खोलीचं दार सताड उघडं ठेवलं.