तक्ता क्रमांक सात, उभ्या रेषांशिवाय

प्रोफेसर हेबर्ले यांना तक्त्यात उभी रेघ दिसली की त्यांचं पित्त खवळतं. स्टुटगार्टजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करते आहे आणि माझ्या प्रबंधावर त्यांनी आजवर जी लाल शाई ओतली, तिच्यातली निम्मी तक्त्यांवरच गेली आहे. आकड्यांवर नव्हे हं, रेषांवर. वर एक आडवी रेघ, शीर्षकाखाली एक, तळाला एक, बस्स. एकक शीर्षकात एकदाच लिहायचं, प्रत्येक आकड्यामागे त्याचं शेपूट लावायचं नाही. दशांशचिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत. या विषयावर त्यांनी स्वतः अकरा पानांची रिश्टलीनिए, म्हणजे नियमावली, लिहिली आहे आणि ती कॉरिडॉरमध्ये फ्रेम करून लावली आहे. बाकीचे प्रोफेसर तिथे आपली पेटंटं लावतात.

माझा विषय ब्रेकच्या डिस्कवर द्यायचा एक नवा लेप. लेप दिला की डिस्क कमी झिजते, असं माझं म्हणणं, आणि सातव्या क्रमांकाचा तक्ता हा त्याचा पुरावा. डावीकडे साध्या डिस्कची झीज, उजवीकडे लेप दिलेल्या डिस्कची. चारी बाजूंनी चौकट, मध्ये रेषांचं जाळं आणि प्रत्येक घरात पॉइंटनंतर सहा आकडे. दोन परिषदांमध्ये हा तक्ता पडद्यावर झळकला, लोकांनी माना डोलावल्या, हेबर्लेही तेवढ्यापुरत्या रेषा विसरून शेजारी उभे राहून हसले. त्याच्या जोरावर म्युनिकच्या एका संशोधन संस्थेनं मला नोकरी देऊ केली होती. अट एकच, डॉक्टरेट ‘सुम्मा’ श्रेणीत हवी, म्हणजे सगळ्यात वरच्या. माझा नवरा प्रणव तिथली घरभाडी बघून आधीच उसासे टाकायला लागला होता. मला मात्र ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

छपाईला द्यायच्या आधी सगळे तक्ते नियमावलीत बसवायचे, असं फर्मान निघालं, म्हणून एका रविवारी मी बसले. प्रबंध लाटेकमध्ये लिहिलेला. हे टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर मोठं तऱ्हेवाईक आहे. तुम्ही आज्ञा लिहायची आणि ते पान मांडून देतं, पण एक कंस विसरलात तर दिवसभर अबोला धरतं. मी रेषा काढून टाकल्या, एककं वर चढवली आणि पान छापून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिथेच चूक झाली. तिथे बाबा बसले होते.

बाबा म्हणजे माझे सासरे, श्यामकांत सोहोनी. सांगलीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर शिकवून निवृत्त झाले आणि आता उन्हाळाभर आमच्याकडे मुक्कामाला होते.

“ईप्सिता, हे काय? टेबल उघडंच ठेवलंस?”

“बाबा, इथे असंच करतात.”

“इथे काय, काहीही करतील. रविवारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही म्हणतात हे लोक. चौकट बंद नसेल तर मी जर्नलवर सही करत नसे. पोरं रडकुंडीला यायची.”

मी बाबांची विद्यार्थिनी नव्हे, पण तशी रडकुंडीला आलेली पोरं म्हणजे आम्हीच. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीला जर्नल म्हणायचं, आणि त्यातली चौकट उघडी राहिली की सगळं पान पुन्हा लिहायचं. प्रयोगात काय निघालं हे मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. रेघ पेन्सिलीनं मारली की पेनानं, हे मात्र तोंडी परीक्षेतसुद्धा विचारलेलं आठवतं. मी आत वळले तेवढ्यात बाबांनी पट्टी घेऊन माझ्या तक्त्याला चारी बाजूंनी कुंपण घातलं.

आता नियमावलीतला एकच नियम उरला होता. तुमचं उपकरण जेवढ्या आकड्यांची ग्वाही देतं तेवढेच छापा, बाकीचे काढून टाका. रेषा पुसताना मला काहीच वाटलं नव्हतं, पण आकडे कापायचं मी सकाळपासून टाळत होते. पॉइंटपुढे सहा आकडे असले की आपण खरंच काहीतरी मोजलंय असं वाटतं. आमचं मोजणीयंत्र बिचारं दुसऱ्या आकड्यापुढेच अडखळतं, हे त्याच्या प्रमाणपत्रात लिहिलेलं होतं. मी आज्ञा दिली. लाटेकनं निमूटपणे सगळं दोन आकड्यांवर आणलं आणि पान समोर आलं. मोकळं, हवेशीर, कुणालाही पटकन वाचता येईल असं.

साधी डिस्क ०.४१, लेपवाली ०.४१. पुढची ओळ ०.३८ आणि ०.३८. मग ०.४४, ०.४४. शेवटच्या ओळीत साधी ०.४०, लेपवाली ०.४१. म्हणजे एका ठिकाणी तर लेपानं उलट झीज वाढवलीच होती.

रेषा आणि आकड्यांची गर्दी होती तोवर लेप काम करत होता. गर्दी हटवली आणि लेप गेला.

प्रणवला बोलावलं. तो झिंडेलफिंगेनला एका पुरवठादार कंपनीत इंजिनियर आहे, त्याला कशाचंही काही वाटत नाही.

“एवढंच ना? डेसिमल परत टाक. आणि उजवा कॉलम हिरवा कर.”

“हिरवा?”

“आल्झो, म्हणजे असं बघ, आमच्या कंपनीत सगळ्या रिपोर्टमध्ये करतात. हिरवं दिसलं की कोणी वाचत नाही गं. लाल केलंस तर मीटिंग लागते.”

आमचं बोलणं ऐकून बाबा उठून आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी नवं पान हातात घेतलं. मी मनात म्हटलं, देवा, आता रेषांवरच बोलू देत.

“दोन्ही कॉलम सारखेच आहेत की गं.”

“तुम्हाला एवढ्या लगेच कसं दिसलं, बाबा?”

“दुसरं बघायला आहे काय तिथे?” पान खाली ठेवून ते खुर्चीत बसले. “सगळी नोकरी मी जर्नलं तपासली. चौकटी तपासल्या, समास तपासले. आकडे वाचत बसलो असतो तर एक पोरगं पास झालं नसतं. सगळ्या वर्गाची रीडिंग एकाच वहीतून यायची.” ते हसले, मग हसायचे थांबले. “मला माहीत होतं गं. म्हणून तर वाचत नव्हतो.”

दुसऱ्या दिवशी ते पान जसं होतं तसं घेऊन मी हेबर्लेंकडे गेले.

त्यांनी ते हात लांब करून धरलं, मान तिरकी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मलाच अवघडल्यासारखं झालं. “गेनाऊ! अगदी असंच! फ्राउ सोहोनी, हा खरा तक्ता!” संमतीच्या सहीसाठी त्यांनी पेन उघडलंसुद्धा. मी गप्प बसले असते तर दोन मिनिटांत काम आटपलं असतं.

“हेर प्रोफेसर, आकडेही वाचता का?”

ते थबकले. मग एकेक ओळ बोटानं वाचत खाली उतरले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, उठून दार लावून घेतलं, आणि परत बसल्यावर बराच वेळ घसा साफ केला. दोन्ही परिषदांतल्या निबंधांवर माझ्या नावाआधी त्यांचं नाव होतं.

“आल्झो,” ते म्हणाले, “हा तक्ता जरा फारच मोकळा झालाय, नाही? नियम असले तरी अपवाद असतो. दशांश थोडे जास्त ठेवले तर... आणि मध्ये एखाद-दुसरी उभी रेघ. वाचकाला आधार म्हणून.”

मला संताप आला. चार वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजले होते, पण प्रामाणिक विक्षिप्त. आज त्यातला एकच शब्द खरा निघाला.

“नियमावलीत अपवाद नाही, हेर प्रोफेसर. बाहेर भिंतीवर लावली आहे, दार उघडून वाचून दाखवू का?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग सावकाश कॅलेंडर पुढे ओढलं आणि एकदम कामाला लागले. प्रबंधाचं नाव बदलावं लागेल. ‘झीज कमी करणारा लेप’ खोडून ‘लेपाचा झिजेवरील परिणाम’ करू. परिणाम नाही, हे वाचकाला आत गेल्यावर कळेल. निबंधांची दुरुस्ती ते स्वतः कळवतील. आणि श्रेणी?

“पास व्हाल. बऱ्यापैकी. पण सुम्मा आता शक्य नाही.”

म्हणजे म्युनिक गेलं. मी बॅग उचलली, पण पाय निघेना.

“आणि रेषा ठेवल्या असत्या तर?”

जर्मन माणसाला सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

“सुम्मा,” ते म्हणाले, आणि सही केली.