जानकीबाईच्या विहिरीखालचा खजिना

भुयारीबाबांनी त्रिशूळ जमिनीत खुपसला आणि जमिनीतून आवाज आला, "ठण्!"

धारजवळच्या नालछा गावची दीडशे माणसे आधी मागे सरली, मग दुप्पट पुढे आली.

"सुना? सुना भक्तों?" बाबांनी डोळे फिरवले. "सात हंडे सोना! ऊपर नाग बैठा है, उसके फन पर लगा मेरा त्रिशूल!"

फण्यावर त्रिशूळ बसूनही नाग गप्प कसा, हे विचारण्याची कोणाला शुद्ध नव्हती. नारळ पडत होते, शिधा येत होता. अशी 'ठण्' बाबांनी त्या महिन्यात आणखी दोन गावांत वाजवली होती.

जागा जानकीबाईच्या मळ्यातली, विहिरीच्या अगदी काठावरची. जानकीबाई विधवा. तिच्या सासऱ्याचे वाडवडील पवारांच्या फौजेबरोबर इकडे माळव्यात आले आणि इथलेच झाले. तिच्यापाशी उरली होती ही विहीर आणि तिच्या पाण्यावरची वांगी-मिरची. भर वैशाखात तिची मोट थांबत नसे. ती बाबांसमोर उभी राहून म्हणत होती, "सात हंडे असोत का सत्तर, विहिरीजवळ खणू देणार नाही!"

तिनेच मला धारहून बोलावले होते. मी तेव्हा, म्हणजे १९०७ साली, शाळेत सृष्टिशास्त्र शिकवत असे. एका इंग्रजी मासिकातली आकृती पाहून मी धातू शोधण्याचे यंत्र बनवले होते आणि त्याची बढाई मी गावोगाव मारली होती. जानकीबाईचा निरोप होता, 'मास्तर, पेटी घेऊन या आणि या बुवाचं खोटं बाहेर काढा.'

यंत्र साधे होते. लाकडी चकतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी, तशीच वेटोळी पेटीत, बॅटरी, एक घड्याळ आणि कानाला लावायची टेलिफोनची डबी. दोन्ही वेटोळ्यांचा तोल साधला की डबी मुकी होते. चकतीजवळ धातू आला की तोल बिघडतो आणि घड्याळाची टिकटिक कानात वाजू लागते.

मी चकती धरली. टिकटिक वाजली. खोटे कसे बोलणार? "धातू आहे," मी म्हणालो. एकच जयघोष झाला. जानकीबाई नाही-नाही म्हणत असताना चौघांनी हातभर माती उपसली, तर निघाला नांगराचा लोखंडी फाळ!

माती भुसभुशीत होती, आठवड्यापूर्वी कोणी भरल्यासारखी. ते मी पाहिले, आणि बोलणारच होतो. पण बाबा तयारीचे, फाळालाच त्यांनी नागाची कात ठरवले. "नाग ने केंचुली छोड़ी! माल एक पुरुष नीचे सरक गया! पूछो, मास्टर की मशीन से पूछो!"

माझे यंत्र हातभरापलीकडचे ऐकत नाही, एवढे सांगून मला घरी जाता आले असते. तेवढ्यात मागून कोणी खिदळले, "बस इत्तीच चालते का, भिया, मास्तरसाहेबांची पेटी?" ते मला झोंबले.

मी ताटाएवढी चकती काढून परातीएवढी लावली. वेटोळे जितके मोठे, तितके ते खोलवरचे ऐकते. बॅटरीचे घट दुप्पट केले. मग तोलाचा स्क्रू केसाकेसाने फिरवत गेलो. डबीत हळूच टिकटिक उमटली आणि खड्ड्यावर धरताच वाढली. खरे सांगतो, क्षणभर मलाही हंडे दिसले. धारच्या दरबारात माझा सत्कार चाललेला दिसला.

तीच चकती दहा पावलांवर नेऊन ऐकायला हवी होती. मुलांना मी रोज हेच शिकवत होतो. पण तिथेही वाजली तर? दीडशे जणांपुढे काय तोंड दाखवू? मी जागचा हललो नाही.

"आहे," मी म्हणालो. "खोल आहे."

जानकीबाईने बाबांकडे पाहिलेही नाही. "मास्तर, नक्की?"

"नक्की."

ती झोपडीत गेली आणि स्वतःच्या हाताने पहार घेऊन आली.

दोन दिवस खणले. पुरुषभर खाली काळा खडक लागला, तो घणाने फोडला. खडकाखाली खडकच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीची ती बाजू आत कोसळली आणि झरा मातीखाली बुजला.

"मास्टर की बिजली से नाग रूठ गया!" बाबा म्हणाले आणि गाठोडे बांधू लागले.

कोपरापर्यंत चिखलाने भरलेली जानकीबाई माझ्यापुढे आली. "ती पेटी आणा. इथं लावा, माझ्या उंबऱ्याशी." टिकटिक! "आता रस्त्यावर." टिकटिक! "त्या पडक्या गडग्यावर." काळ्या दगडांवर तर डबी कान फोडू लागली.

"म्हणजे मास्तर, साऱ्या माळव्यात खजिना आहे का?"

मग मी सगळ्यांसमोर कबूल केले. आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात. मी यंत्राचा कान इतका तीक्ष्ण केला की ते जमिनीचाच आवाज ऐकू लागले. त्या आवाजाला खजिना ठरवले ते मी.

लोहार दत्ताजींनी फाळ उलटसुलट करून पाहिला. "अरे, हा तर माझ्या हातचा! होळीला याच बाबांनी नेला, धुनीत लागतो म्हणाले." एवढीच बाबांची विद्या होती. आधी लोखंड पुरायचे, आठवड्याने त्यावर त्रिशूळ मारायचा. बाबा मांडूच्या रस्त्याने पळत सुटले आणि त्यांचेच नारळ त्यांच्या पाठीत बसले. सगळे हसले. मला हसू आले नाही.

गावाने पंधरा दिवस गाळ काढला. झरा आला नाही. ज्येष्ठात वांगी करपली आणि जानकीबाई लोकांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागली. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा ती तण खुरपत होती. तिने खुरपेही थांबवले नाही.

"बाबाला तर मी हाकलतच होते, मास्तर. पहार मी तुमच्या शब्दावर दिली."



बुवांचे ऐकू नका, हे तुम्हांला कोणीही सांगेल. मी सांगतो, मास्तरांचेही तसेच ऐकू नका. कोणी खूण दाखवली की म्हणा, जिथे काही नाही तिथेही लावून दाखवा. तिथेही ती उमटली, तर ती खूण कशाचीच नाही. हे विचारायला शाळा शिकावी लागत नाही. जानकीबाई अक्षरशत्रू होती, तरी तिने विचारले. ते तिच्याआधी मी स्वतःला विचारले असते, तर तिची मोट आजही चालू असती.